प्रयोगशाळेतला ईमेल हीसुद्धा निर्यातच

विद्यापीठ आणि सरकार यांनी देशाच्या सुरक्षेसाठी एकत्र काम करायचं म्हटलं की डोळ्यासमोर येतात डीआरडीओचे प्रकल्प आणि त्यांचा निधी. निर्यात नियंत्रण, म्हणजे काय देशाबाहेर पाठवायला सरकारी परवाना लागतो त्याचे नियम, मात्र बहुतेक विभागांत कुणाच्याच गावी नसतं. परदेशी विद्यापीठाशी करार करताना नेमकं तिथेच पाऊल घसरतं.

आपल्याकडे त्यासाठी स्कोमेट यादी आहे. लष्करी किंवा दुहेरी (नागरी आणि लष्करी अशा दोन्ही) वापराच्या वस्तू, सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान त्यात येतं. अणुविषयक शून्य वर्गाचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो, सहाव्या वर्गातल्या युद्धसामग्रीचा संरक्षण उत्पादन विभाग, बाकीचा बहुतेक भाग डीजीएफटीकडे, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाकडे. २०१७ मध्ये आठवा वर्ग आला आणि सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, दूरसंचार असे नेहमीचे अभ्यासविषय थेट यादीत आले.

विद्यार्थी-उपग्रहाचंच घ्या. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' २०१६ मध्ये अवकाशात गेल्यापासून हे वेड अनेक कॉलेजांत आहे. बाजारातला साधा जीपीएस रिसीव्हर साधारण ५१५ मीटर प्रति सेकंदाच्या वर स्थान सांगणं थांबवतो. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. म्हणजे ही मर्यादा काढलेलं फर्मवेअर (रिसीव्हरच्या आतलं सॉफ्टवेअर) लागणारच. पण हवेत उडणाऱ्या साधनांसाठीचा, ६०० मीटर प्रति सेकंदाच्या पुढेही चालणारा रिसीव्हर क्षेपणास्त्र-नियंत्रणाच्या कक्षेत येतो, कारण क्षेपणास्त्रालाही तेच हवं असतं. असं फर्मवेअर परदेशी सहकाऱ्याला मेल केलं, तर एकही वस्तू देशाबाहेर न जाता निर्यात झालेली असू शकते. थर्मल कॅमेऱ्यात असाच आकडा ९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ९ चित्रांचा आहे. त्याहून जास्त फ्रेम रेटचा कॅमेरा असेल तर यादी उघडून बघाच.

'आम्ही पेपर छापतो, मग लपवायचं काय?' हा प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक झालेली माहिती आणि मूलभूत संशोधन यांना सूट आहे, आणि ती असायलाच हवी. प्रकाशनाविना विज्ञान गुदमरेल. गफलत होते ती पेपरमध्ये नसलेल्या गोष्टींत. कार्बन फायबरच्या नळीवरचा लेख खुला असतो. फायबर गुंडाळताना ठेवलेला ताण, क्युरिंगचं (नळी तापवून पक्की करण्याचं) तापमान आणि वेळ लिहिलेली प्रोसेस शीट खुली नसते. आणि सहकारी मागतो ती नेमकी तीच.

म्हणून तपासणी करारावर सही होण्याआधी व्हावी. काय जाणार ते एकेक लिहा: नमुने, रेखाचित्रं, कोड, सामायिक क्लाउड फोल्डर, परदेश दौऱ्यावर नेलेला लॅपटॉप. प्रत्येकापुढे यादीतला क्रमांक टाका, किंवा लागू का नाही ते कारण. परवाना लागत असेल तर डीजीएफटीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत अंतिम वापरकर्त्याचं, म्हणजे वस्तू शेवटी कोण वापरणार ते सांगणारं प्रमाणपत्र. त्यावरचं मॉडेल, संख्या किंवा पत्ता खरेदी आदेशाशी जुळला नाही की विचारणा येते आणि आठवडे जातात. अर्ज आंतरमंत्रालयीन गटापुढे जातो, तेव्हा हाताशी काही महिने ठेवा.

नोंदी पाच वर्षं जपायच्या असतात. त्यामुळे प्रकल्पाचा पत्रव्यवहार विद्यार्थ्याच्या खासगी मेलवर होऊ देऊ नका. पीएचडी संपली की तो जातो आणि नोंदीही त्याच्याबरोबर जातात.