कोड नाही, धूर नाही

डिझेल गाडी सकाळी चालू होत नाही म्हणून वर्कशॉपला येते, तेव्हा ती चालतच आलेली असते. म्हणजे इंजिन गरम, लाइनमध्ये डिझेल भरलेलं, बॅटरी चार्ज. त्या अवस्थेत तिला तपासून काय उपयोग? थंड इंजिन खरं बोलतं ते रात्रीनंतरचा पहिला सेल्फ मारताना. तो सेल्फ मालकाने आधीच मारलेला असेल तर मेस्त्रीच्या हाती अंदाज उरतो, आणि अंदाजाने पार्ट बदलायला आमच्या धंद्यात कोणी लाजत नाही.

ही गाडी तशाच अंदाजांमधून फिरून माझ्याकडे आली होती. चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल (एकाच रेल नळीतून चारही इंजेक्टरना दाबाचं डिझेल देणारी), जपून वापरलेली. एकाने बॅटरी बदलली. दुसऱ्याने सेल्फ उघडून नवे कार्बन ब्रश टाकले आणि वर चारही इंजेक्टर बदलावे लागतील असं सांगितलं. तिसऱ्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली, तर सकाळी ती पहिल्या सेल्फला चालू! स्कॅनरला बिघाडाचा एकही कोड नाही. ‘गाडी ओके आहे’ म्हणून परत पाठवली. घरी नेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मालक काकांना एव्हाना गाडीपेक्षा स्वतःच्याच चावी फिरवण्यावर संशय यायला लागला होता.

मी फोनवर एवढंच म्हटलं, “काका, उद्या सकाळी मी घरी येतो. तोवर चावीला हात लावायचा नाही. आणि तो स्प्रे लपवून ठेवा.”

स्प्रे त्यांच्या मुलाने आणला होता. एअर फिल्टरमध्ये फवारायचा आणि सेल्फ मारायचा. त्यात ईथर असतो. थंड इंजिनात आतली हवा तापवणारे हीटर प्लग लाल तापलेले असताना तो आत गेला, की पिस्टन वर पोहोचायच्या आधीच भडका उडतो. रिंगा जातील, पिस्टन जाईल, काय जाईल सांगता येत नाही. डब्यावर इशारा छापलेला असतो, पण डबा वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

उजाडायच्या आत पोहोचलो. गाडी घराच्या उतारावर तोंड वर करून उभी होती. ते मनात टिपून ठेवलं आणि स्कॅनर लावला, कोडसाठी नव्हे, आकड्यांसाठी. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. 7 आणि 8 अंश दिसलं. सेन्सरने थंड इंजिनचं तापमान 70 सांगितलं असतं, तर ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) हीटर दिला नसता आणि डिझेलही कमी सोडलं असतं. तो प्रश्न मिटला. मग लाइव्ह डेटा रेकॉर्डिंगला लावला, मुलाला चावीवर बसवलं, बॅटरीवरचा मीटर काकांना मोठ्याने वाचायला सांगितला आणि मी सायलेन्सरमागे जाऊन उभा राहिलो.

बॅटरी 12.5 व्होल्टवरून 10.4 ला उतरली आणि तिथे टिकली. 9.6 च्या खाली गेली असती तर बॅटरी आणि अर्थिंगच्या मागे लागलो असतो. इंजिन 230 आरपीएमने फिरत होतं, तेवढं पुष्कळ झालं. पण सायलेन्सरमधून काहीच नाही. पांढरा धूर नाही, कच्च्या डिझेलचा वास नाही.

माझ्या दृष्टीने निम्मं निदान तिथेच झालं. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. गार ब्लॉक ती उष्णता शोषून घेतो, म्हणून हीटर प्लगची मदत लागते. ती कमी पडली की फवारलेलं डिझेल न पेटता बाहेर येतं, पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर होऊन. धूर असेल तर डिझेल पोहोचतंय, पण पेटत नाहीये. धूरच नसेल तर डिझेलच पोहोचत नाहीये. हे कळायला महागडं यंत्र लागत नाही, फक्त मागे जाऊन उभं राहावं लागतं. पण बोनेट उघडलं की सगळे तिथेच खिळतात.

सेल्फला मध्ये विश्रांती देत देत बऱ्याच वेळाने गाडी धडधडत चालू झाली. रेकॉर्डिंगमध्ये रेल प्रेशर (रेलमधला डिझेलचा दाब) 40, 60, परत 50 बार असं रेंगाळलेलं. अशा इंजिनांना साधारण 200 बारच्या आसपास दाब झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. दाब होत नाही म्हणजे बहुधा एकतर इंजेक्टर रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) जास्त डिझेल सोडताहेत, नाहीतर पंपाला डिझेलऐवजी हवा मिळतेय. इंजेक्टर गळत असते तर गरम इंजिननेही त्रास दिला असता, उलट जास्तच, कारण गरम डिझेल पातळ होतं. तरी रिटर्नच्या नळ्या बाटल्यांत सोडून पाहिल्या. चारही बाटल्या सारख्या भरल्या. ज्याने चार इंजेक्टर सांगितले त्याने ही साधी बाटल्यांची टेस्टही केली नव्हती.

मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी जोडली. बुडबुडे!

या गाडीला टाकीत पंप नाही. इंजिनवरचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो. भोक पडलेल्या स्ट्रॉने सरबत ओढल्यासारखं, फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, फिल्टर कोरडा, म्हणून आधीच्या सगळ्यांनी ‘लीकेज नाही’ असं ठरवून टाकलेलं. गाडी चालू असताना पंप तेवढी हवा पचवतो. रात्री त्याच फटीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं. टाकी मागे आणि गाडीचं तोंड वर, म्हणजे त्याला उतार आयताच मिळालेला. वर्कशॉपची फरशी सपाट, तिथे लाइन भरलेली राहायची.

खात्री करायला, काही दुरुस्त करायच्या आधी, गाडी त्या रात्री तोंड खाली करून लावायला सांगितली. सकाळी काकांचा फोन. “पहिल्या सेल्फला चालू झाली! पण धूर फार आला हो.”

आधी हवेचा बंदोबस्त केला. फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा बोल्ट असतो, त्याची ओरिंग काढली. एका बाजूने चपटी, बाकी फुगून मऊ पडलेली, आणि आतल्या काठावर नखाला लागेल एवढा काप. कोणीतरी फिल्टर बदलताना हाताला आली ती रबरी ओरिंग सुकीच बसवून पिळली होती. साधं रबर डिझेलमध्ये फुगतं. डिझेलमध्ये न फुगणाऱ्या व्हायटन रबराची नवीन घेतली, डिझेलमध्ये बुडवून बसवली, आणि नळीतले बुडबुडे थांबले.

आता धूर. डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा लागून विझला म्हणजे हीटर चालू, असं मेस्त्रीसुद्धा मानतात. या गाडीत तो तापमान बघून ठरावीक वेळाने विझतो, प्लग जिवंत आहेत की नाहीत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मुख्य वायरवर क्लॅम्प मीटर लावला. चारही प्लग चांगले असले की सुरुवातीचा झटका ओसरल्यावर चाळीस-पन्नास अँपिअर दिसतात. इथे 24. वायर काढून एकेक मोजला. दोन एक ओहमच्या आत, बाकीचे दोन, तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे, साफ ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. दोन प्लग किती दिवसांपासून मेलेले होते कुणास ठाऊक; डिझेलच वेळेवर पोहोचत नव्हतं, म्हणून त्यांचा धूर कधी कोणाच्या नजरेत भरला नाही.

इंजिन गरम करून, पेनिट्रेटिंग ऑइल मुरवून, टॉर्क रेंच घेऊन बसलो. 10 एमएम आट्याचा प्लग साधारण 35 न्यूटन मीटरला तुटतो. मोडका तुकडा तिथे निघाला नाही तर इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायचं. तिसऱ्या सिलिंडरचा निघाला, पण आटे सुटल्यावरही भोकात अडकत, मागेपुढे हलवत. टोक फुगून तडकलेलं. नुसत्या वयाने प्लग मरतो, असा फुगत नाही. रिले तपासला, वेळेवर कट होत होता. म्हणजे एकतर त्या सिलिंडरचा इंजेक्टर नीट फवारत नाही, नाहीतर स्प्रेचे भडके. मुलाने विचारलं, “स्प्रेमुळेच का?” इंजेक्टर काढून बेंचवर लावल्याशिवाय हो म्हणता येत नाही, आणि नाही म्हणवत नाही.

चौथ्याचा 25 ला करकरला. थांबलो.

तिसरा नवा बसवल्यावर गाडी आता तीन प्लगवर पहिल्या सेल्फला चालू होते, थोडा धूर येतो नि जातो. काका खूश. पण त्या चौथ्याचं टोकही फुगलेलं असेल, तर जोर लावून काढताना ते सुटून पिस्टनवर पडणार. आणि तसंच ठेवलं तर चालत्या इंजिनात केव्हातरी आपणहून पडू शकतं. हेड उतरवायचा खर्च धडधाकट चालणाऱ्या गाडीवर करा, हे मालकाला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी दोन्ही धोके समजावले. काका म्हणाले, “चालू होतेय ना, मग राहू दे.” तिसऱ्या-चौथ्याचे इंजेक्टर बेंचवर तपासायचे आणि चौथा प्लग अडकलाय, जोर लावू नये, हे मी बिलावरच लिहून दिलंय. पुढच्या मेस्त्रीने रेंच लावायच्या आधी तो कागद मागावा.