पोरगं रोज किती पळवायचं?

सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर पोरांना घेऊन थांबलो की कुणीतरी गाडी स्टँडला लावून विचारतंच, "सर, पोरगं रोज किती पळवायचं?" परवा तुम्हीही विचारलंत. मी उलट विचारलं, "झोपतंय किती?" तुम्हाला वाटलं, सर टाळतायत.

टाळत नव्हतो. पळून अंग मोडतं. ताकद धरतं ते नंतर, खाऊन आणि झोपून. आपल्या तालमींना हे कधीचं ठाऊक आहे. पहाटे जोर-बैठका, मातीत लढत, मग मालीश, खुराक आणि दुपारची गाढ झोप. आपण मात्र पैलवानाच्या बैठकांचेच आकडे सांगत बसतो. दुपारी तालीम कशी चिडीचूप असते, हे कुणी कौतुकानं सांगत नाही.

मलाही उशिराच कळलं. पंधरा वर्षांचा एक पोरगा पंधराशे मीटर पळायचा. वेळ सुधारत होती, मी अंतर वाढवत गेलो. नडगी दुखते म्हणाला, तर म्हटलं बर्फ लाव. शेवटी एक्स-रे काढला, हाडाला बारीक चीर. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात. मी दमावरून हाडाचा अंदाज बांधला होता. दोन महिने तो घरी बसला. त्याची आई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून नडगीवर बोट दाबून एकाच जागी कळ आली, की त्या पोराचं पळणं बंद. जोराचे दिवस आठवड्यात दोनच, तेही लागोपाठ नाहीत. बाकीचे दिवस शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकं सावकाश. पालकांना हे बघवत नाही. "गप्पा मारायची फी घेता व्हय?" असं एकानं विचारलंही.

आणखी एक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले पैलवान खाशाबा जाधव १९४८ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कुस्ती मॅटवर होती आणि त्यांचं अंग मातीवर घडलेलं. तरी सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत कांस्य घेतलं, ते मधली वर्षं मॅटच्या कुस्तीची तयारी करूनच. आपण मात्र वर्षभर मातीवर पळवलेली पोरं स्पर्धेच्या दिवशी स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालून सिंथेटिक ट्रॅकवर उतरवतो आणि पोटऱ्या धरल्या की म्हणतो, पोरानं खाल्लं नसेल.

तर तुमच्या पोराचं. चौदा वर्षांचा आहे, पहाटे क्लास आहे आणि मोबाईल अकराच्या आत सुटत नाही म्हणता. सध्या आठवड्यातून चारच दिवस आणा, क्लास नसलेले. सोबत एक वही द्या. किती पळाला ते मी लिहीन. रात्री किती वाजता झोपला ते तुम्ही लिहायचं, त्याला विचारून नाही, बघून.