ऑडिओग्राम नॉर्मल, पण लेकराला कळंना

परभणीत मी श्रवणतपासणी करते. मागच्या उन्हाळ्यात जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. हातातल्या पिशवीत रिपोर्टांची चळत. कानाचा पडदा ठीक, बेरा (आवाजाचा संदेश कानातून मेंदूकडं पोचतो का, ही तपासणी) नॉर्मल आणि शेवटच्या कागदावर शेरा : 'मुलगी लक्ष देत नाही.'

"समदे म्हणतेत नाटकं करायली. तिचे पप्पा मारतेत बी. पण मॅडम, लेकरू खोटं बोलंना हो."

मी पुन्हा ऑडिओग्राम काढला. दोन्ही कान 15 डेसिबलच्या आत, म्हणजे उत्तम. बहुतेक ठिकाणी तपासणी इथंच थांबते, आणि माझा राग त्यावरच आहे. ऑडिओग्राम म्हणजे शांत खोलीत बारीक 'पीं' ऐकू येते का, एवढंच. वर्गातल्या गलक्यात गुरुजींचं वाक्य वेगळं काढता येतं का, हे त्यातून कळत नाही.

म्हणून आईला विचारलं, "ताई, हिला नीट कळतं कधी?"

"रात्री, समदे निजल्यावर. कूलर चालू असला की नुस्तं आँ, आँ."

मग हेडफोन लावून शब्द ऐकवले. शांततेत एकही चुकली नाही. त्याच शब्दांमागं गोंगाट सोडला, तर 'काठी'ची 'गादी' झाली आणि 'सात'चे 'साठ'. पोरगी कपाळाला आठ्या घालून, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून ऐकत होती. हिला लक्ष नाही म्हणायचं? पुढं दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे सोडले. उजव्या कानातले ती सांगायची, डाव्यातले बरेचसे हरवायचे.

कान आवाज टिपतो, मेंदूकडं पोचवतो. पण तिथं त्याची नीट उकल होत नाही. याला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर म्हणतात. लक्ष न लागणं, भाषेची अडचण यांच्याशी त्याची सरमिसळ होते, आणि सीमारेषा कुठं आखायची यावर तज्ज्ञांत वाद आहेत. म्हणून तर नीट तपासायला हवं. माझ्या दोन चाचण्यांवर निदान होत नाही. वयानुसार प्रमाणित केलेल्या चाचण्यांचा पूर्ण संच लागतो, तो माझ्याकडं नाही.

आधी तपासलेल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, ही शहरातली फॅडं. अभ्यास नको असतो पोरांना." या मुलीला रोज मार बसतोय, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथं दाखवायला चिठ्ठी दिली. पण रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं जायचं, मुंबईत राहायचं, तितक्या दिवसांची मजुरी बुडवायची. बाईंनी चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि विचारलं, "अपंगाचा दाखला निघंल का? शाळेत दाखवता येईल."

निघत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत हा नाही. त्यातला श्रवणदोष डेसिबलवर मोजतात, दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून पुढं. हिचे कान कागदावर ठणठणीत. अध्ययन अक्षमतेचा दाखला वाचन-लेखनाच्या तपासणीवर मिळतो, ती वेगळी वाट आहे.

दाखला नाही, तर मी शाळेच्या नावानं मराठीत पत्र लिहिलं. पुढच्या बाकावर, दारापासून लांब बसवा. तिच्याकडं तोंड करून, एका वेळी एकच सूचना द्या. गृहपाठ फळ्यावर लिहा. 'कळलं का?' विचारू नका, ती हो म्हणणारच; काय कळलं ते तिच्याच तोंडून वदवून घ्या. बापाला त्याच दिवशी फोनवर हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हंजी तिला खरंच कळंना?"

आठवड्यानं गुरुजींचा फोन आला. माणूस भला. पुढं बसवलंय म्हणाले, फळ्यावर लिहितोय. पण एका खोलीत दोन वर्ग, वर पत्रे, पाऊस लागला की माझंच मला ऐकू येत नाही, मॅडम, मग काय करू? गुरुजींच्या गळ्यातल्या माइकचा आवाज थेट मुलीच्या कानात पोचवणारं यंत्र असतं. मी त्यांना त्याची किंमत सांगितली. आता ते ग्रामपंचायतीकडं अर्ज करतायत, सोबत जोडायला माझा रिपोर्ट मागितलाय. मी तो लिहायला घेतलाय.