तुमचा काय संबंध?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. गेली वीसेक वर्षे हा प्रश्न मला विचारला जातो आहे आणि दर वेळी समोरचा माणूस पाहून मी निराळे उत्तर दिले आहे. न्यू जर्सीतल्या गणेशोत्सवात ओळखीच्या बायका विचारतात, "अहो, आपल्याकडचे एवढे जमवण्यासारखे असताना तुम्ही इथल्या काळ्या लोकांची जुनी पुस्तके आणि कागद कशाला गोळा करता?" जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनात विक्रेते विचारतात, तेव्हा त्यांना माझ्या ऐपतीचा अंदाज घ्यायचा असतो. आणि ज्यांचा हा इतिहास आहे ती माणसे विचारतात, शांतपणे पण थेट, "तुमचा याच्याशी काय संबंध?" पहिल्या दोघांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. तिसऱ्यांना मी आजवर जे सांगत आले, ते पूर्ण खरे नव्हते.

मी सांगत असे ते असे : जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि पुढे १९४६ साली त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जे निवेदन दिले होते त्याच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी आपले कागद सांभाळून ठेवले म्हणून ते एकपानी पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात वाचायला मिळते.

यातले अक्षरही खोटे नाही. पण माझ्या संग्रहाची सुरुवात यातून झालेली नाही. मी ज्या घरात वाढले तिथे फुल्यांचे नाव फारसे घेतले जात नसे. 'गुलामगिरी' मी वाचली ती चाळिशी उलटल्यावर, इकडे आल्यावर, आणि तोवर माझ्याकडे दोन कपाटे भरली होती. फुले-आंबेडकरांचे नाव घेतले की समोरच्याच्या चेहऱ्यावरचा संशय थोडा निवळतो, हे माझ्या लक्षात आले होते आणि म्हणून मी ते घेत असे. त्यांच्या आडोशाला उभे राहण्याचा अधिकार मी कमावलेला नाही, हे आज स्वच्छ लिहिते.

सुरुवात झाली ती १९९७ साली, फिलाडेल्फियातल्या शनिवारच्या जुन्या बाजारात. मी तेव्हा एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे विल्यम स्टिल यांच्या 'द अंडरग्राउंड रेल रोड' या पुस्तकाची पाठ निखळलेली, मागची काही पाने नसलेली एक उशिराच्या आवृत्तीची प्रत मिळाली. दक्षिणेतून पळणाऱ्या गुलामांना गुपचूप आसरा देत पुढे पोहोचवणाऱ्या माणसांच्या जाळ्याला 'अंडरग्राउंड रेल रोड' म्हणत. स्टिल हे गुलामगिरीविरोधी संस्थेच्या फिलाडेल्फियातल्या कचेरीत कारकून होते आणि अशा पळून आलेल्यांना मदत करत. १८५० साली एक मध्यमवयीन माणूस आपल्या आईवडिलांचा शोध घेत त्यांच्याकडे आला. त्याच्या तोंडून एकेक नाव ऐकताना स्टिल यांना कळले, की हा आपला सख्खा थोरला भाऊ आहे. चाळीस वर्षांपूर्वी पळून जाताना आईला त्याला गुलामगिरीतच मागे ठेवावे लागले होते. येणाऱ्या प्रत्येकाचे जुने नाव, नवे नाव, मालकाचे नाव, मागे राहिलेल्या नातलगांची नावे बारकाईने लिहून ठेवण्याचे महत्त्व स्टिल यांना त्या दिवशी पटले. त्या नोंदी पकडल्या गेल्या असत्या तर कित्येकांचा जीव धोक्यात आला असता, म्हणून त्यांनी त्या लपवून ठेवल्या आणि गुलामगिरी संपल्यावर १८७२ साली छापल्या. मी हे बाजारात उभ्याउभ्याच वाचले. नोंद ठेवली म्हणून माणूस माणसाला सापडू शकतो, ही गोष्ट माझ्या मनाने घेतली. संबंध म्हणायचा तर एवढाच होता.

पुढे जमत गेले. चर्चची वार्षिके, शाळांची प्रगतिपुस्तके, रेल्वेच्या पुलमन नावाच्या शयनयान डब्यांतल्या सेवकांच्या संघटनेची पत्रके. माझ्याकडे 'ख्रिश्चन रेकॉर्डर' या फिलाडेल्फियातून निघणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या साप्ताहिकाचे, यादवी युद्ध संपल्यानंतरच्या काळातले एक सुटे पान आहे. त्याच्या तळाशी बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत 'माहिती हवी आहे' म्हणून एक जाहिरात आहे. एक आई विकल्या गेलेल्या मुलांचा शोध घेते आहे. कोणी विकले, कोणाला विकले, कोणत्या गावाकडे नेले, हे सारे तिने ओळीने सांगितले आहे. अशा जाहिरातींत बहुधा शेवटी विनंती असे, की धर्मोपदेशकांनी हे आपापल्या चर्चमध्ये वाचून दाखवावे. त्या पानाला मी हात लावते तेव्हा आधी हात धुऊन, पुसून, कोरडे करून मगच लावते. ते कपाटात ठेवण्याचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न तुमच्या आधी मीच मला अनेकदा विचारला आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसले, ती सांगते.

२००९ सालच्या ऑक्टोबरात पश्चिम फिलाडेल्फियातल्या एका चाळवजा रांगेतल्या घरी एस्टेट सेल, म्हणजे मृताच्या घरातल्या सामानाची विक्री, होती. घरातली वृद्ध बाई वारली होती, दूरच्या वारसाने घर रिकामे करण्याचे काम बाहेरच्या लोकांना दिले होते. तळघरात जिन्याखाली एक पुठ्ठ्याचे खोके होते आणि त्यावर चाळीस डॉलर अशी चिठ्ठी होती. मी वरचे काही कागद बाजूला केले आणि मला 'ग्रीन बुक'चा १९४९ सालचा अंक दिसला. हार्लेमचे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हे पुस्तक १९३६ पासून काढत. कृष्णवर्णीय माणसाला प्रवासात कोणत्या गावी खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे केस कापून मिळतील याची ती यादी असे. हे पुस्तक छापण्याची गरज उरणार नाही असा दिवस येईल, असे त्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. मी काही न बोलता चाळीस डॉलर दिले आणि खोके गाडीत ठेवले.

घरी जेवणाच्या टेबलावर मी वाटणी केली. ग्रीन बुक आम्लविरहित कागदाच्या पाकिटात गेले. काही छायाचित्रे ठेवली. राहिल्या त्या साठेक अंत्यविधीच्या पत्रिका. इथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये अंत्यविधीच्या वेळी अशी घडीची पत्रिका वाटतात. पुढे मृताचे छायाचित्र, त्याखाली जन्मतारीख 'सूर्योदय' म्हणून आणि मृत्यूची तारीख 'सूर्यास्त' म्हणून. आत जीवनवृत्त, म्हटली जाणारी स्तोत्रे, मागे राहिलेल्यांची नावे, शवपेटीला खांदा देणाऱ्यांची नावे. बहुतेक पत्रिका १९६० ते १९९० या काळातल्या, सायक्लोस्टाइल किंवा झेरॉक्स केलेल्या, टाचणीचा गंज उतरलेल्या. छपाई चांगली असलेल्या चार मी ठेवल्या. एका पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात बरेच काही लिहिलेले होते, ते मी पाहिले. पाहिले आणि बाजूला सारले, कारण नंतर कोणीतरी हाताने लिहिलेला मजकूर म्हणजे दोष, असे मी विक्रेत्यांकडून शिकले होते. बाकीच्या साऱ्या मी रद्दीच्या निळ्या डब्यात टाकल्या. बुधवारी सकाळी गाडी येऊन घेऊन गेली.

पुढच्या फेब्रुवारीत एका वाचनालयातल्या प्रदर्शनात मी ग्रीन बुक काचेखाली मांडले होते. साठीच्या आसपासची एक बाई त्यापुढे बराच वेळ उभी होती. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक नाव होते. ती म्हणाली, "हे माझ्या मावशीचे अक्षर आहे." मग तिने विचारले, "जिन्याखालच्या खोक्यातले आहे ना? त्यातल्या पत्रिका कुठे आहेत?" विक्रीची बातमी तिला उशिरा कळली होती आणि दुसऱ्या राज्यातून ती येईपर्यंत दोन दिवस उलटून गेले होते. मी म्हणाले, "पाहावे लागेल." हे मी खोटे बोलले. दोन दिवसांनी फोन करून खरे सांगितले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले, की १९६१ साली तिची आजी वारली, तेव्हाच्या पत्रिकेच्या पाठीवर मावशीने आजीकडून ऐकलेली नावे लिहून ठेवली होती. आजीची आई, तिची आई, आणि ती जॉर्जियात ज्यांच्या मालकीची होती त्यांचे आडनाव. मावशी फोनवर म्हणत असे, "तू येशील तेव्हा वाच, ते खोक्यातच आहे."

वंशावळी शोधणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही, इतरांसाठी सांगते. १८५० आणि १८६० सालच्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली गेली. तिच्यात मालकाचे नाव आहे. त्याखाली जी माणसे आहेत त्यांचे वय, स्त्री की पुरुष आणि वर्ण एवढेच लिहिले आहे, नावे जवळजवळ कुठेच नाहीत. पूर्वी गुलाम असलेल्या साऱ्यांची नावे जनगणनेत प्रथम आली ती १८७० साली. त्यामागे जायचे तर मालकाचे आडनाव लागते. ते हाती आले की मृत्युपत्रे, खरेदीखते, कर्जाच्या तारणाची कागदपत्रे उघडतात. त्या घराला ते आडनाव ठाऊक होते. ते एका पत्रिकेच्या पाठीवर होते आणि मी तो दोष समजले.

ग्रीन बुक मी तिला परत देऊ केले. ती ते घ्यायला आली, खुर्चीत बसून तिने जॉर्जियाचे पान उघडले, तिथे मावशीने एका गावापुढे खूण केली होती ती पाहिली, आणि पुस्तक मिटून माझ्यापुढे ठेवून गेली. ते अजून माझ्याकडे आहे. न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटर या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या ग्रंथसंग्रहाकडे या पुस्तकाचे बहुतेक सालचे अंक आहेत आणि ते कोणालाही संगणकावर पाहता येतात. मी जे टाकले त्याची दुसरी प्रत जगात नव्हती.

२००९ सालची मी अजून माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, तू खोके उचलले नसतेस तर सगळेच कचऱ्याच्या गाडीत गेले असते. बरोबर आहे. पण खोके त्या घरात आणखी दोन दिवस पडून राहिले असते तर ती बाई पोहोचली असती, हेही तितकेच बरोबर आहे. ती म्हणते, त्या वेळी सगळे संग्राहक असेच निवडत. हे मात्र खरे नाही. हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९३० पासून काम केलेल्या डॉरोथी पोर्टर यांनी घरोघरच्या माळ्यांवरून आणि तळघरांतून असे कागद मिळवले. ग्रंथालयांच्या वर्गीकरणात कृष्णवर्णीयांविषयीचे काहीही आले की ते 'गुलामगिरी' किंवा 'वसाहतीकरण' या दोनच आकड्यांखाली जाई. त्यांनी ते झुगारून काव्य काव्यात आणि इतिहास इतिहासात लावला. त्यांची ही हकिकत मी २००९ पूर्वीच वाचली होती. वाचून आवडलीही होती. टेबलावर वाटणी करताना मात्र मी विक्रेत्याच्याच डोळ्यांनी पाहिले.

आमच्या घरी कुलवृत्तांत होता. दहा-बारा पिढ्या ओळीने छापलेल्या, कोणी कोकणातून कधी निघाले, कोणाला कुठे वतन मिळाले, सगळे. लहानपणी मला तो कंटाळवाणा वाटे. त्यात माझ्या आजीला अर्धी ओळ आहे आणि तिच्या माहेरच्या नावाचा पत्ता नाही, तेव्हा पूर्ण नोंद आमच्याकडेही नव्हती. पण ही तुलना मी पुढे ओढणार नाही. ज्याच्या मागे छापील कुलवृत्तांत आहे, त्याला पेन्सिलीच्या आठ ओळींची किंमत कळायला वेळ लागतो, एवढेच मला म्हणायचे आहे. आणि "आपल्याकडचे का जमवत नाही" असे विचारणाऱ्यांना सांगते, की हा प्रश्न मला झोंबतो, कारण तो रास्त आहे. आमच्या गावच्या गावकुसाबाहेरच्या घरांत कोणते कागद होते, ते कोणी जपले, हे मी कधी विचारले नाही. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि या संग्रहाने त्याची भरपाई होते असा माझा दावा नाही.

संग्रह बंद करावा असे त्यानंतर दोनदा मनात आले. केला नाही. आता मी अंत्यविधीच्या पत्रिकाच अधिक जमवते. त्या दोन्ही बाजूंनी स्कॅन करते, मूळ पत्रिका मागणाऱ्याला देऊन टाकते. जॉर्जियातल्या काही वाचनालयांनी अशा पत्रिका डिजिटल केल्या आहेत. दर हिवाळ्यात मी त्यांत त्या घराची दोन आडनावे शोधते. आजवर त्या कुटुंबाच्या तीन पत्रिका मिळाल्या, त्या तिला पाठवल्या. आजीची मिळालेली नाही.

फेब्रुवारीत मी तिला फोन करते. कधी ती उचलते, कधी नाही. गेल्या खेपेस तिने विचारले, "त्या पाठीवरचे अक्षर उजवीकडे झुकलेले होते का?" मी हो म्हणाले. मला खरोखर आठवत होते, की आठवावे असे वाटत होते, हे फोन ठेवल्यावर मला ठरवता आले नाही. तिला पुन्हा फोन करून तेवढे सांगायचे राहिले आहे.