लिओंच्या बूशाँमध्ये आईसोबत

पॅरिसहून तेजेवे (TGV) या वेगवान गाडीने फ्रान्समधलं लिओं शहर दोन तासांवर आहे. पहिल्या दिवशी जुन्या शहरातले त्राबूल, म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ, बघता बघता पावणेतीन वाजले आणि जेवायला जाऊ तिथे स्वयंपाकघर बंद! दुपारचं जेवण साधारण १२ ते २ आणि रात्रीचं ७-७:३० नंतर, हे पक्कं ध्यानात ठेवा. आम्ही बेकरीतून चीज घातलेला ‘बागेत’ (लांबट फ्रेंच पाव) घेतला आणि सोन नदीच्या काठी बसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला एका बूशाँमध्ये गेलो. बूशाँ म्हणजे लिओंची छोटी, घरगुती खाणावळ. आत शिरताच ‘बोंझूर’ म्हणायचं, मग टेबल दाखवेपर्यंत थांबायचं. आईने हात जोडून ‘बोंझूर’ म्हटलं आणि मालकीणबाई खुलल्याच.

खरी काळजी आईच्या शाकाहाराची होती. इथल्या प्रसिद्ध सॅलडमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. क्नेल, म्हणजे लांबट मऊ गोळा, दिसायला साधी, पण ती पाइक माशाची. कांद्याच्या सूपमध्ये बहुधा गोमांसाचा अर्क असतो. ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘सां व्हियांद, सां प्वासों’ (मांस नको, मासे नकोत) असं सांगा, अर्काचंही विचारा. कडक शाकाहारींनी चीजमधल्या रेनेटचीही (दूध फाटवायला वापरतात ते, बहुधा वासराच्या जठरातलं द्रव्य) चौकशी करावी. आईला दुधा-सायीत भाजलेले बटाट्याचे काप मिळाले, आणि सेर्व्हेल द कान्यू. नावाचा अर्थ ‘रेशीम विणकराचा मेंदू’, पण आहे ताजं चीज: लसूण, कांदापात, व्हिनेगर घातलेलं. आई म्हणाली, “अगं, हा तर तिखटामिठाचा चक्का!” रेशमाच्या मागांवर राबणाऱ्यांचं हे खाणं आज शहराचा अभिमान आहे, हे मला फार आवडलं.

ब्रेड फुकट, तो ताटलीत नाही, टेबलावरच ठेवतात. पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणा. नळाचं पाणी विनामूल्य येतं, नुसतं ‘पाणी’ म्हटलं तर विकतची बाटली येऊ शकते. आँत्रे म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे. चीज गोडाच्या आधी, कॉफी गोडानंतर. दुपारचा ठरावीक ‘मन्यू’ सुटे पदार्थ मागवण्यापेक्षा स्वस्त पडतो.

गुलाबी साखरबदामाची तार्त संपली, कॉफी झाली, तरी बिल येईना. आई अस्वस्थ झाली, “विसरले का गं?” विसरले नव्हते. टेबल आपलं असतं, आपण मागेपर्यंत बिल पुढे करणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. आपल्या पंगतीत यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरतो, तसंच हे. हे सांगितल्यावर आई खुर्चीत निवांत टेकली आणि आम्ही अजून अर्धा तास बसलो. उठायचं झालं की ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ (बिल द्या, प्लीज) म्हणायचं. सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं. आवडलं तर एक-दोन युरो ठेवा.

रविवारी-सोमवारी बऱ्याच बूशाँ बंद असतात. मंगळवार ते शनिवारचा बेत करा आणि टेबल आधी राखून ठेवा.