आधी खप पाहावा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी मी एक चूक केली आणि ती दिवाळीपर्यंत पुरली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या दुकानात तुरीची डाळ सवलतीत मिळत होती. किलोमागे वीस-बावीस रुपये वाचत होते, म्हणून मी एकदम दहा किलो उचलून आणली. घरी आल्यावर ती डाळ काही केल्या शिजेना. एरवी कुकरच्या तीन शिट्ट्यांत मऊ होणारे वरण सात शिट्ट्या झाल्या तरी कणी धरून राहायचे, पाणी वर आणि डाळ खाली. वाचलेले दोनशे रुपये गॅसने केव्हाच परत घेतले. सासूबाईंनी मूठभर डाळ तळहातावर पसरली, एक दाणा दाताखाली फोडून पाहिला आणि म्हणाल्या, "दुकान मोठं असन, पन या दाळीले तिथं खप नसन."

तेव्हापासून बाजारात, किराण्यात, हॉटेलात आणि घरच्या चुलीपाशीसुद्धा मी आधी एकच गोष्ट पाहते: इथे कोणत्या वस्तूला खप आहे? वस्तू स्वस्त की महाग, दुकान लहान की मोठे, हे प्रश्न त्यानंतरचे.

डाळीपासूनच सुरुवात करते, कारण वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात तूर शेतात उभी असते आणि तरीही आम्ही डाळ विकत आणतो. जुनी डाळ शिजत नाही यामागे कारण आहे. उष्ण आणि दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिली की दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन घट्ट होत जाते, आणि आमच्या विहिरी-बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याला आणखी आवळतात. अशी डाळ गळ्यात पडलीच, तर ती तासभर कोमट पाण्यात भिजवावी, शिजवताना हळद आणि चमचाभर तेल घालावे, आणि चिंच किंवा टमाटे मात्र डाळ पुरती मऊ झाल्यावरच घालावे, कारण आंबटपणाने डाळ अडून बसते. चिमूटभर सोड्यानेही काम होते, पण चव जाते आणि जीवनसत्त्वही घटते, म्हणून मी तो टाळते.

त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे नवी तूर निघते त्या दिवसांत, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, ओळखीच्या शेतकऱ्याकडून अख्खी तूर घेऊन ती मिनी डाळ मिलमधून भरडून आणणे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली छोटी डाळ मिल आता विदर्भात बऱ्याच गावांत बचत गटांकडे दिसते. क्विंटलभर तुरीमागे ७० किलोंच्या आसपास डाळ हाती येते आणि चुनी गोठ्यातल्या गाईला जाते. ही डाळ बाजारातल्या डाळीसारखी चकाकत नाही. तिला पॉलिश नसते, रंग थोडा मळकट असतो, आणि शहरातले पाहुणे तिच्याकडे पाहून नाक मुरडतात. जेवायला बसल्यावर मात्र तेच पुन्हा वरण मागतात. डब्यात भरण्यापूर्वी तिला एरंडेलाचा हात लावून दोन दिवस ऊन दाखवले, तर वर्षभर सोंडे लागत नाहीत.

सुटी डाळ घेताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. आमच्या पूर्वेकडे, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत धान निघाल्यावर बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, ओलीवर लाखोळी हे कडधान्य पेरतात. लाखोळीत बीटा-ओडॅप नावाचे द्रव्य असते, आणि महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेल्यास पायांतली ताकद जाण्याचा धोका असतो. म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे 'रतन' आणि 'प्रतीक' यांसारखे कमी ओडॅपचे वाण निघाले, आणि त्या भागातले लोक लाखोळीची भाजी व डाळ आवडीने खातात, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझी तक्रार तुरीच्या भावात लाखोळी विकणाऱ्यांविषयी आहे. तुरीचा दाणा गोलसर असतो, लाखोळीचा एका बाजूने तिरपा आणि कोनदार. बेसनात मात्र डोळ्यांनी काहीच कळत नाही. त्यामुळे मी चण्याची डाळ घेऊन गावच्या चक्कीवर दळून आणते, तेही दोन किलोंच्या वर नाही, कारण पावसाळ्यात बेसनाला जाळी धरायला आठ दिवस पुरतात. डाळ धुताना पाणी हळदीसारखे पिवळे उतरले, तर रंग लावलेला आहे असे समजून ती सरळ परत करावी.

गावच्या किराणा दुकानावर मी टीका करणार नाही. अडीअडचणीला उधारीवर साखर-चहापत्ती तिथूनच मिळते. पण त्याच दुकानातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे ठरवताना खपाचा नियम फार उपयोगी पडतो. साखर, चहा, मीठ, पोहे, गूळ, तेलाची पाकिटे या वस्तू तिथे चार दिवसांत संपतात, त्या निःशंक घ्याव्यात. खसखस, सुके खोबरे, बदाम, कॉर्नफ्लोअर, पास्ता या वस्तू तिथे वर्षातून चार गिऱ्हाइकांना लागतात. खसखस आणि खोबरे खवट झाले की सगळा मसाला वाया जातो. या वस्तू हिंगणघाटला जाणे होईल तेव्हा गर्दीच्या दुकानातून आणाव्यात. पाकिटावर बनवल्याची तारीख आणि १४ अंकी परवाना क्रमांक असतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, हे फारसे कुणी पाहत नाही. 'शेंगदाणा चिक्की' असे मोठ्या अक्षरांत छापून आत पहिला घटक साखर असेल, तर तुम्ही साखर विकत घेत आहात.

हळद आणि तिखट या दोन बाबतींत आम्ही नशीबवान आहोत. आमच्याच तालुक्यातल्या वायगावची हळद आणि पलीकडे नागपूर जिल्ह्यातली भिवापूरची मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अर्थात मानांकन मिळाले म्हणजे त्या नावाने विकली जाणारी प्रत्येक पुडी तिथलीच असते असे नव्हे, आणि दळलेल्या पुडीत तर काहीच सांगता येत नाही. म्हणून हळकुंडे घ्यावीत. हळकुंड मोडून पाहिले की आत गडद नारिंगी रंग दिसला पाहिजे आणि मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. वरून फार पिवळेधमक असलेले हळकुंड मी घेत नाही, कारण रंग चढवलेल्या हळदीत शिशाची संयुगे सापडल्याचे प्रकार झालेले आहेत. मिरची उन्हाळ्यातच घ्यावी, छतावर चार उन्हे दाखवावीत आणि देठ घरीच काढावेत. देठ काढण्याचे काम दोन दिवस शिंका काढत करावे लागते, शेजारच्या काकू आणि त्यांच्या सुना मदतीला येतात, आणि गावातल्या सगळ्या बातम्या त्याच दोन दिवसांत कळतात. तिखट मात्र मी सहा महिन्यांचेच कांडून आणते. उरलेली मिरची अख्खीच ठेवते, कारण दळल्यावर तिचा रंग आणि वास दोन्ही लवकर उतरतात. जवसाच्या चटणीचे तर आठवड्याच्या पलीकडे मी बघतच नाही. जवसातले तेल इतर तेलबियांपेक्षा लवकर हवेने बिघडते, म्हणून जवस अख्खा साठवावा आणि भाजून थोडा थोडाच कुटावा.

आठवडी बाजाराबद्दल लोक एक गोष्ट सांगतात, की दिवेलागणीला गेले की भाजी स्वस्त मिळते. मिळते खरी, पण ती दिवसभर उन्हात पडलेली असते, आणि निम्मी पालक निवडतानाच फेकावी लागते. मी दहाच्या सुमारास जाते. तोवर आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका स्वतःच्या वाडीतला माल घेऊन येऊन बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर दोन-तीनच भाज्यांचे ढीग असतात, वांगी आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर), किंवा बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगा आणि मेथी. ज्यांच्यासमोर बारा प्रकारच्या भाज्या मांडलेल्या असतात, त्यांनी त्या पहाटे हर्रासात, म्हणजे लिलावात, घेतलेल्या असतात. त्यातही वाईट काही नाही, आलू-कांदे त्यांच्याकडूनच घ्यावेत. पण पालेभाज्या मी मावशींकडूनच घेते. "कशी दिली जी मेथी?" असे विचारून पुढे फार घासाघीस करू नये. पाच रुपये सोडवून घेण्यापेक्षा मूठभर सांबार वर मागितला तर मावशी खुशीने देतात. वांगे घेताना ते हातात जड लागले तर आत बी जून झालेले असते. चकचकीत, हलके आणि हिरव्या देठाचे वांगे घ्यावे. पावसाळ्यात तरोटा, कटुले, अंबाडी असे काय काय येते, त्या दिवसांत फुलकोबीच्या मागे लागणे मला तरी समजत नाही.

बाहेर जेवताना हाच नियम अधिक कडक पाळावा, कारण तिथे दाणा दाताखाली फोडून पाहता येत नाही. जाम चौरस्त्यावर, राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या कडेला, ढाब्यांची रांग आहे. फलकावर शंभर पदार्थ असतात, आणि त्यातले नव्वद कुणी मागत नाही. मी आधी शेजारच्या टेबलांवर काय आहे ते पाहते. सगळ्यांच्या ताटात डाळ तडका, शेवभाजी आणि तंदुरी रोटी असेल, तर आपणही तेच मागवावे. एकदा मुलाच्या हट्टापायी अशाच एका ठिकाणी व्हेज मंच्युरियन मागवले होते. आले तेव्हा त्याला फ्रीजचा वास होता, आणि पुढचे दोन दिवस घरात तांदळाची पेजच शिजली.

सावजी जेवणाचेही तसेच आहे. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकर समाजाच्या घरांतून आलेले हे जेवण आता विदर्भभर पसरले आहे, आणि चांगल्या सावजी खानावळीची माझी खूण अशी, की दुपारी अडीचच्या सुमारास मटण संपलेले असते. 'संपले' असे सांगणाऱ्या मालकावर मी रागावत नाही, पुढच्या वेळी लवकर जाते. सावजीच्या दुकानात पनीर मागवू नये. ज्या स्वयंपाकघरात ते दिवसाला दोनदाच लागते, तिथे ते कधीचे असेल कोण जाणे. बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन गेलात, तर त्यांना आधीच सांगावे की तिखट लागले की पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून दही मागवावे, आणि रश्श्यावरची तर्री चमच्याने बाजूला काढली तरी चालते. आमच्या दिरांना मात्र हे सांगून उपयोग नाही. ते तर्री वाटीने मागतात.

बाजाराच्या दिवशी कढईतून निघणारे आलूबोंडे आणि भजी यांचा मोह मलाही होतो. तिथे कढईतल्या तेलाकडे पाहावे. एकाच तेलात पुन्हा पुन्हा तळले की त्यात घातक संयुगे साचतात, आणि २०१८ च्या जुलैपासून अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल तळणासाठी वापरू नये असा नियम आहे. बाजारात मोजणार कोण? पण तेल काळपट आणि चिकट झालेले असेल, वर फेस राहत असेल आणि तापण्यापूर्वीच धूर सुटत असेल, तर पुढे चालू लागावे. ज्या गाड्यावर घाणा निघाला की लगेच संपतो, तिथे थांबावे आणि समोर तळलेलेच घ्यावे.

घरात खप मोजायला मी सर्वांत उशिरा शिकले. पाच माणसांच्या घरात मी सात माणसांचा भात लावत असे, उरला तर बरे म्हणून. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि वीज हमखास दुपारीच जाते, तेव्हा फ्रीज म्हणजे नुसते कपाट होते. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर ते वाढून विष तयार करतात, जे नंतर गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात उरलेला भात दोन तासांच्या आत थंड करून फ्रीजमध्ये जात नसेल, तर तो कोंबड्यांना जातो. आता मी वाटीने तांदूळ मोजते. शेतावर जाणारी माणसे डब्यात भाकरी, ठेचा आणि कांदा नेतात, वरण-भात नेत नाहीत, यात चवीइतकाच हिशेबही आहे, कारण कोरड्या आणि तिखट-मिठाच्या पदार्थाला ऊन लवकर बाधत नाही.

त्याच दिवसांत बाजारातली भाजी आटते आणि भाव चढतात, तेव्हा हिवाळ्यात वाळवून ठेवलेल्या वांग्याच्या फोडी, म्हणजे खुला, आणि हरभऱ्याची सुकी भाजी डब्यातून बाहेर निघतात. खुला गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून, पिळून, लसूण आणि नव्या तिखटाच्या फोडणीत परतल्या की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. वरण मी त्या महिन्यांत सकाळी सकाळचे आणि संध्याकाळी संध्याकाळचे असे दोनदा लावते. घरच्या डाळीला तीन शिट्ट्या पुरतात.