शाळेसाठीची शेवटची रिले

आज शाळेकडून शेवटची शर्यत धावले. ४ × १०० मीटर रिले, तिसरा टप्पा, म्हणजे दुसरं वळण.

बॅटन, म्हणजे एकीने पळत येऊन पुढचीच्या हातात द्यायची छोटी नळी, घेणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. ३० मीटरच्या पट्ट्यातच ते हातात यायला हवं, नाहीतर अख्खा संघ बाद. मागची मैत्रीण खुणेवर पोचली की सुसाट सुटायचं, मागे वळून बघायचं नाही. हाक आली की उजवा हात मागे, स्थिर. उजव्याच हातात, कारण मग वळणाच्या आतल्या कडेला चिकटून पळता येतं. आज बॅटन तळव्यावर टेकलं आणि बोटं आपोआप मिटली. एवढ्यासाठी आम्ही चौघींनी वर्षभर घाम गाळलाय!

दुसऱ्या आलो. खूप अभिमान वाटतोय.

शेवटच्या वर्षाला खेळ कशाला, असं सगळेच विचारतात. माझा अभ्यास मैदानावरून आल्यावरच नीट व्हायचा. त्रास झाला तो झोपेचा. आमच्या वयाला ८ ते १० तास झोप हवी, आणि परीक्षेच्या दिवसांत पहाटेचा सराव ठेवला की तीच आधी जाते. वेळापत्रक आखणाऱ्या मोठ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

परीक्षा संपली की धाकट्या मुलींना बॅटन बदलणं शिकवणार आहे. सरांना विचारलं, लगेच हो म्हणाले.